दारासमोरचा रस्ता

मुंबईच्या कोणत्याही जुन्या गल्लीतून सकाळी चालत जावे. एका दारासमोर सिमेंट भरून जड केलेला रंगाचा डबा, दुसऱ्यासमोर मोडकी खुर्ची, तिसऱ्यासमोर सुकलेली कुंडी, आणि एखाद्या फाटकावर पाटी : ‘येथे गाडी उभी केल्यास चाकांतील हवा काढण्यात येईल.’ रस्ता महापालिकेचा, डांबर सर्वांच्या कराचे. तरीही त्या डब्यापुरती जमीन आपली आहे, अशी घरमालकाची प्रामाणिक समजूत असते. तो लबाड नसतो. रात्री दहाला कामावरून परतल्यावर स्वतःच्याच घराभोवती अर्धा तास घिरट्या घालणे त्याने सोसलेले असते. डबा ठेवणारा आणि डबा पाहून संतापणारा या दोघांच्याही म्हणण्यात काही तथ्य आहे, आणि म्हणूनच या क्षुल्लक वाटणाऱ्या भांडणाचा थोडा गंभीरपणे विचार करावा, असे आम्हाला वाटते.

जगातील अनेक शहरांनी या डब्याला कायद्याचे रूप दिले आहे. त्याला रहिवासी परवाना म्हणतात. ठरावीक वस्तीतील रस्त्यावर, ठरावीक वेळेत, तेथे राहणाऱ्यांनीच वाहन उभे करावे. इतरांनी केल्यास दंड भरावा, अशी ही व्यवस्था. हिची नैतिक बाजू सर्वांत स्पष्टपणे पुढे आली ती अमेरिकेतील एका खटल्यात.

वॉशिंग्टन शहरासमोर, पोटोमॅक नदीपलीकडे, व्हर्जिनिया राज्यात आर्लिंग्टन नावाची कौंटी आहे. तेथे क्रिस्टल सिटी या भागात कचेऱ्यांच्या मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या. तेथे काम करणारी माणसे सकाळी मोटारीने येत, शेजारच्या ऑरोरा हायलँड्स या घरवस्तीच्या रस्त्यांवर मोटारी फुकट उभ्या करीत आणि कचेरीत चालत जात. संध्याकाळपर्यंत रहिवाशाला आपल्या दाराशी थांबायला जागा नसे. कौंटीच्या मंडळाने नियम केला : कामाच्या दिवशी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच या वेळेत तेथे परवानाधारकांनीच वाहने ठेवावीत. परवाना रहिवाशांना विनामूल्य; शिवाय त्यांच्याकडे कामासाठी येणाऱ्यांना आणि काही पाहुण्यांनाही तो मिळे. बाहेरून येणारे नोकरदार न्यायालयात गेले. त्यांचा प्रश्न सरळ होता. सार्वजनिक रस्त्यावर अमक्याने थांबावे आणि तमक्याने थांबू नये, हे केवळ पत्त्यावरून कसे ठरते? व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली आणि हा भेदभाव समान संरक्षणाच्या तत्त्वाविरुद्ध ठरविला. परंतु १९७७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. धूर व गोंगाट कमी करणे, लोकांना एकत्र प्रवास करायला किंवा सार्वजनिक वाहनांकडे वळायला प्रवृत्त करणे, हे हेतू घटनेला वर्ज्य नाहीत. आणि वस्तीतला व वस्तीबाहेरचा असा फरक करणे म्हणजे आपोआप अन्याय होत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

कायद्याचा प्रश्न तेथे मिटला. नीतीचा मिटला नाही, कारण एखादी गोष्ट करण्यास मनाई नाही, एवढ्याने ती न्याय्य ठरत नसते.

रहिवासी नेमका कशाच्या बळावर हक्क सांगतो, ते पाहू. ‘आम्ही कर भरतो’ हे त्याचे पहिले वाक्य असते आणि तेच सर्वांत लंगडे आहे. कर कचेरीही भरते, आणि रोज तीन बसगाड्या बदलून येणारा शिपाईही काडेपेटीपासून औषधापर्यंत प्रत्येक खरेदीवर कर भरतो. ‘आम्ही येथे आधीपासून आहोत’ हे दुसरे वाक्य. त्यात भावना खरी आहे. पण ज्या घराने मागील वर्षी गाडी घेतली, त्या घराचा रस्त्यावरचा दावाही मागील वर्षापासूनचाच. आजोबांनी घर बांधले तेव्हा दारासमोर मुले खेळत होती.

तिसरे वाक्य मात्र वजनदार आहे : ‘आम्हाला दुसरीकडे जाता येत नाही.’ कचेरीत येणारा बसने येऊ शकतो, दूर उभी करून चालू शकतो, चौघांत मिळून एक गाडी आणू शकतो. घर मात्र रोज रात्री तेथेच असते. आजारी आईला उचलून गाडीत बसवायचे असेल तर ते दाराशीच करावे लागते. शिवाय त्या वाहनांचा धूर आणि कर्णे चोवीस तास सोसतो तो रहिवासीच. हा मालकीचा दावा नव्हे, गरजेचा आहे. मालकी एकदा मान्य केली की तिला प्रश्न विचारता येत नाहीत. गरजेला विचारता येतात. किती गरज? कोणाची? आणि दुसऱ्या कोणाची अधिक आहे काय?

हे प्रश्न विचारू लागलो की परवान्याचे चित्र बदलते. ज्या घरात गाडीच नाही, त्याला या व्यवस्थेतून काय मिळाले? रस्त्यातला त्याचा वाटा शेजाऱ्याच्या दुसऱ्या गाडीखाली गेला, इतकेच. बोस्टन शहराने हा परवाना वर्षानुवर्षे विनामूल्य दिला. परवाना मिळाला म्हणजे जागा मिळाली असेही नसते. जागांपेक्षा परवाने अधिक असले की रहिवासी रहिवाशाशीच भांडू लागतो आणि परवाना म्हणजे शिकारीला निघण्याची नुसती परवानगी उरते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ डोनाल्ड शूप यांनी २००५ सालच्या आपल्या ग्रंथात हेच सविस्तर दाखविले, की फुकट उभ्या केलेल्या गाडीचा खर्च गाडी नसलेल्यांसकट सारेजण भरत असतात.

पॅरिसचे उदाहरण अधिक बोलके आहे. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी तेथील महापालिकेने नागरिकांचा कौल घेतला : अवजड खासगी गाड्यांना रस्त्यावर उभे राहण्याचा आकार तिप्पट करावा काय? मध्य भागात तो ताशी १८ युरो होणार होता. कौल होकारार्थी आला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून तो अमलात आला. मतदारांपैकी सहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी मत दिले, ही एक गोष्ट. दुसरी अशी, की आपल्या भागात गाडी लावणाऱ्या रहिवाशांना ही वाढ लागू नव्हती. मत शहरवासीयांचे आणि आकार बाहेरच्यांना! अवजड गाड्यांनी शहराची हवा बिघडते हे आम्हाला मान्य आहे. पण रहिवाशाची अवजड गाडी काय अत्तर सोडते?

रस्त्यावर एक मोटार उभी राहायला साधारण पाच मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद जागा लागते, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट. मुंबईत १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली तेव्हा एका कुटुंबाच्या घरासाठी २२५ चौरस फुटांचे माप ठरले होते. दोन मोटारी शेजारी उभ्या केल्या की त्या घराहून अधिक जमीन व्यापतात. त्याच रस्त्याच्या कडेला भाजीची टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला २०१४ सालच्या पथविक्रेता कायद्यानुसार प्रमाणपत्र घ्यावे लागते, शुल्क भरावे लागते, आणि ते नसले तर पालिकेची गाडी आली की टोपली उचलून पळावे लागते. तिच्या चार हात जागेवर एका घराचे पोट चालते. तिच्यामागे दिवसभर निजलेल्या मोटारीला मात्र कोणी प्रमाणपत्र विचारीत नाही. गरजेची भाषा बोलायची ठरविली तर ती येथवर येऊन पोहोचते, आणि डबा ठेवणाऱ्याला हे ऐकणे आवडणार नाही, याची आम्हाला कल्पना आहे.

जपानने प्रश्न दुसऱ्या टोकाकडून धरला. १९६२ सालच्या तेथील कायद्याने गाडी बाळगणाऱ्याने ती ठेवण्याची जागा रस्त्याबाहेर दाखवावी असे ठरविले; आज ती जागा घरापासून दोन किलोमीटरांच्या आत असावी लागते. रस्ता गाडीचा गोठा नव्हे, असे त्या राष्ट्राने एकदाच सांगून टाकले. महाराष्ट्राच्या परिवहन मंत्र्यांनीही मे २०२५ मध्ये, जागेचा पुरावा असल्याखेरीज नव्या गाडीची नोंदणी होऊ नये, असा मानस जाहीरपणे बोलून दाखविला. तत्त्व म्हणून आम्हाला ते पटते. पण आपल्या जुन्या गावठाणांकडे पाहिले की मन अडखळते. वांद्र्याचे रणवार घ्या, चिंबई घ्या, गिरगावातील खोताची वाडी घ्या. ही घरे मोटारी येण्यापूर्वीच्या मापाची. त्यांना ना कुंपणाआतले आवार, ना तळघर. शेजारी उभ्या राहिलेल्या मनोऱ्याला चार मजले गाड्यांसाठीच बांधलेले. पुराव्याचा नियम आला तर मनोऱ्यातील माणूस तिसरी गाडी घेईल आणि गावठाणातील टॅक्सीवाल्याला त्याची एकुलती पोटापाण्याची गाडीही घेता येणार नाही. उलट ‘रहिवासी’ एवढीच कसोटी ठेवून परवाने वाटले, तर मनोऱ्यातील शेकडो कुटुंबेही रहिवासीच ठरतात. शनिवारी रात्री वांद्र्याच्या उपाहारगृहांत येणाऱ्यांच्या गाड्यांनी गल्ली बंद होते आणि रुग्णवाहिका आत शिरत नाही, अशा वेळी परवान्याची मागणी करणाऱ्या गावठाणवासीयाला आम्ही स्वार्थी म्हणणार नाही.

आपल्या वाचकांना ही व्यवस्था अगदीच अनोळखी नाही. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून मोत माउलीची जत्रा आठवडाभर भरते, तेव्हा वाहतूक पोलीस टेकडीवरचे रस्ते वाहनांना बंद करतात आणि तेथील रहिवाशांच्या गाड्यांना पास देतात. वसईहून गेलेली आपली कुटुंबे स्थानकावर उतरून बेस्टच्या जादा गाडीने जातात, उरलेला चढ मेणबत्त्या हातात घेऊन चालतात, आणि त्या पासबद्दल कोणी कुरकुर केल्याचे आम्ही ऐकलेले नाही. तेथे आपण परके असतो. तीच कुटुंबे रविवारी दुपारी घरी असताना अर्नाळा, राजोडी, कळंबच्या किनाऱ्यांकडे निघालेल्या गाड्या वाड्यांमधल्या अरुंद रस्त्यांवर दुतर्फा उभ्या राहतात, आणि तेव्हा ‘बाहेरच्यांना बंदी करा’ ही मागणी आपल्याच ओट्यावरून उठते. जो न्याय आपण वांद्र्यात परका म्हणून मुकाट्याने स्वीकारतो, तोच वसईत रहिवासी म्हणून मागत असू, तर त्यात विसंगती नाही. मात्र त्या मागणीत मुंबईच्या चाळीतून मुलांना समुद्र दाखवायला आलेल्या कुटुंबासाठी थोडी जागा उरली आहे काय, हे पाहावे लागेल. जत्रेचा पास आठ दिवसांचा असतो आणि त्याबरोबर जादा बसही असते. येणाऱ्याला वाट ठेवून मग गाडी अडवलेली असते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात शहरांविषयी लिहिताना, मोटारींच्या गर्दीमुळे अधिकाधिक रस्ते आणि वाहनतळ बांधावे लागतात व शहराचे रूप बिघडते, याचा उल्लेख केला आहे. वाहनतळाचा उल्लेख अशा लेखनात यावा याचे काहींना नवल वाटले असेल. आम्हाला वाटले नाही.

मग परवाना असावा की नसावा? आमच्या मते अरुंद आणि गजबजलेल्या वस्तीत तो असावा, पण फुकट नसावा. घरटी एका गाडीला माफक शुल्क असावे, दुसरीला चांगले जाणवेल इतके, आणि तो पैसा त्याच वस्तीच्या पदपथावर व बसथांब्यावर खर्च व्हावा, म्हणजे गाडी नसलेल्याचा वाटा काही प्रमाणात त्याच्याकडे परत जाईल. मनोऱ्याला स्वतःची जागा असताना त्याच्या गाडीला रस्त्यावरचा परवाना देऊ नये. भाजीवालीची जागा आधी आखावी, गाड्यांची नंतर. आणि आर्लिंग्टनच्या मंडळाने सुरुवातीपासून राखलेली एक सोय विसरू नये : ज्यांचे काम त्या घरात आहे त्यांनाही परवाना मिळे. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला आंघोळ घालण्यासाठी रोज नायगावहून स्कूटरवर येणारी परिचारिका त्या वस्तीची रहिवासी नसते. तिची स्कूटर कोठे उभी राहील, हे नियमाच्या पहिल्या मसुद्यातच लिहिलेले असावे.