तुम्ही पुढे व्हा

गेल्या हनुकाच्या सुट्टीत बेर-शेवाहून आम्ही काही कुटुंबे बस करून एन-गेदीला गेलो होतो. तेथे घडलेली गोष्ट तशी क्षुल्लक आहे. कोणाला इजा झाली नाही, कोणी कोणाला वावगे बोलले नाही. तरी ती मनातून जात नाही, म्हणून वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कोकणातल्या माणसाला धबधबा म्हटला की आषाढ-श्रावण आठवतो. येथे सारेच उलटे. पाऊस हिवाळ्यात, आणि तोही एन-गेदीच्या वाट्याला फारसा येत नाही. मृत समुद्राचा तो काठ समुद्रसपाटीच्या चारशे मीटरहून अधिक खाली. डोंगर उघडेबोडके, करड्या रंगाचे. त्यांच्या कुशीतून दोन ओढे बारा महिने वाहतात, नहाल दावीद आणि नहाल अरुगोत. ते पाणी पश्चिमेकडे यहूदाच्या डोंगरांवर पडलेल्या पावसाचे. जमिनीत मुरून, खडकांतून वाट काढीत ते एवढ्या लांब येते आणि झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. वरच्या डोंगरांत जोराचा पाऊस झाला तर येथे आभाळ निरभ्र असतानाही ओढ्याला लोंढा येतो, म्हणून तशी सूचना असली की वाट बंद ठेवतात. आम्ही गेलो त्या दिवशी वाट उघडी होती, ऊन कोवळे होते, आणि सुट्टीमुळे जत्रा लोटली होती.

नहाल दावीदची वाट अवघड नाही. मात्र पायऱ्या आहेत, ओल्या शिळा आहेत आणि मागून येणाऱ्यांचा रेटा आहे. पहिल्या लहान धबधब्यापर्यंत सर्व मंडळी बरोबर होती. वाटेत रानबकरे इतके जवळ आले की मुले ओरडू लागली. एन-गेदी म्हणजे करडाचा झरा, हे नाव अजून खोटे पडलेले नाही. पुढे चढण लागली तेव्हा आमच्यातले एक काका एका शिळेवर टेकले. वय ऐंशीच्या घरात, गुडघे कुरकुरणारे. आम्ही थांबलो. काका हसून म्हणाले, “तुम्ही पुढे व्हा रे. माझ्यासाठी खोळंबू नका. मी बसतो इथे मजेत.”

आम्ही पुढे झालो. एवढेच नव्हे, चढताना अंग तापले होते म्हणून कोणी स्वेटर, कोणी पिशवी त्यांच्याजवळ ठेवली. “बसलाच आहात तर जरा लक्ष ठेवा हं काका.” प्रत्येकाला वाटले, कोणीतरी त्यांच्यापाशी थांबले असेल. कोणीच थांबले नव्हते.

सुमारे 36 मीटर उंचीचा मोठा धबधबा पाहून, फोटो काढून, मुलांचे पाय पाण्यातून बाहेर ओढून आम्ही परतलो तेव्हा दीड तास होऊन गेला होता. डोंगर पश्चिमेला असल्यामुळे हिवाळ्यात तेथे ऊन लवकर कड्याआड जाते. काकांच्या शिळेवर सावली आली होती. ते तसेच बसलेले, भोवती आमची सात गाठोडी. त्यांची पाण्याची बाटली पुतण्याच्या पिशवीतून वर धबधब्यापर्यंत जाऊन आली होती. नळ खाली प्रवेशद्वाराशी. पण सामान टाकून जावे कसे? शेवटी शाळेची मुले घेऊन जाणाऱ्या एका बाईंनी त्यांना पाणी दिले. हे सर्व काकांनीच आम्हाला हसत हसत सांगितले. पुतण्या खाली मान घालून म्हणाला, “तुम्हीच म्हणालात ना, पुढे व्हा म्हणून.”

म्हणाले होते, हे खरे. प्रश्न हा की, जो आपल्याला मोकळे करतो त्याच्या शब्दाने आपण खरोखर मोकळे होतो काय?

बसमध्ये यावर बोलणे निघाले. आमच्यातील एक मुलगी रुग्णालयात परिचारिका आहे. ती म्हणाली, “म्हातारी माणसे काही बोलली की आपण लगेच त्यातून दुसराच अर्थ काढतो. नको म्हणाली तर हवे असेल, जा म्हणाली तर थांबा असेल. त्यांचा शब्द खरा न मानणे हाही त्यांचा अपमानच. काकांना वाटत होते मुलांनी धबधबा पाहावा. सगळे त्यांच्याभोवती बसून राहिलो असतो तर त्यांना काय वाटले असते?” तिचे म्हणणे आम्हाला खोडता आले नाही, आजही येत नाही. चाळीस माणसांची सहल आपल्यापायी फुकट गेली हे ओझे गुडघेदुखीहून जड असते.

एन-गेदीला गेलेला प्रत्येक इस्राएल बांधव दावीद राजाची ती कथा आठवतो: शौल राजा गुहेत शिरला, दावीदाने त्याच्या झग्याचा काठ कापला आणि नंतर त्याचेच मन त्याला खाऊ लागले. आम्हाला मात्र परतीच्या वाटेवर दुसरी कथा आठवली. ती शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात थोडी पुढे, तिसाव्या अध्यायात आहे. अमालेकी लोकांनी सिकलाग जाळून बायकामुले पळवून नेली. दावीद 600 माणसे घेऊन पाठलागावर निघाला. बसोर ओढ्याशी 200 जण इतके थकले की त्यांना पलीकडे जाववेना. ते सामानापाशी राहिले, 400 पुढे गेले आणि सर्व काही सोडवून परत आले. मग पुढे गेलेल्यांपैकी काही कुरकुरले की, हे आमच्याबरोबर आले नाहीत, यांना लुटीतला वाटा कशाला? दावीदाने ठरविले की लढाईला जाणारा आणि सामानापाशी राहणारा, दोघांचा वाटा सारखा. आणि तो पुढे इस्राएलाचा नियमच झाला.

या कथेतल्या दोन गोष्टी आम्हाला त्या दिवशी नव्याने दिसल्या. एक, दावीदाने थकलेल्यांना ओढत नेले नाही आणि 400 जणांना माघारीही फिरवले नाही. म्हणजे परिचारिका मुलीचे म्हणणे तेथे मान्य झाले. दुसरी, परत आल्यावर वाटणीचा तंटा सुरू होण्याआधी त्याने त्या 200 जणांजवळ जाऊन त्यांची विचारपूस केली. मागे राहणे आणि एकटे पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काकांनी आम्हाला धबधब्याची मोकळीक दिली होती. पाण्याच्या बाटलीची आणि दीड तासाच्या विस्मरणाची मोकळीक त्यांनी दिली नव्हती, ती आम्ही परस्पर घेतली. बसोरच्या माणसांना सामानाबरोबर वाटाही मिळाला. काकांना आम्ही नुसते सामान दिले.

येथे घरची एक गोष्ट सांगणे भाग आहे. 1971 साली आमचे कुटुंब या देशात आले तेव्हा आमची आजी अलिबागजवळच्या गावी राहिली. तिनेही हेच म्हटले होते, “तुम्ही व्हा पुढे, एवढा पावसाळा जाऊ दे, मग मी येते.” वडिलांनी तो शब्द धरला. पावसाळे तीन गेले. 1974 साली ती वारली. पत्र आमच्या हाती पडायला तीन आठवडे लागले. गावात आपली जी चार घरे उरली होती त्यांनी तिला माती दिली. त्यानंतर कधी विषय निघाला की वडील एकच वाक्य बोलत, “तिनेच सांगितले होते, पुढे व्हा म्हणून.” आम्ही लहान होतो, आम्हाला ते उत्तर वाटे. पुतण्याच्या तोंडून तेच वाक्य ऐकले तेव्हा समजले की वडील उत्तर देत नव्हते.

वडिलांना दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही. आजीला बोटीवर नाही तर विमानात बळेच बसवणे त्यांना जमले नसते, आणि ते न निघते तर आमची शाळा, नोकऱ्या, नातवंडे हे काहीच या मातीत रुजले नसते. पण आपल्यापैकी बहुतेक घरांत असा एखादा ‘पुढे व्हा’ आहेच. कोकणात आजही सिनेगॉगच्या किल्ल्या सांभाळणारी, कबरस्तानातले गवत काढून घेणारी तुरळक घरे आहेत. ती आपले सामान राखून बसली आहेत. आपण तेथे जातो ते बहुधा फोटो काढायला. त्यांची बाटली आपल्या पिशवीत राहिली आहे का, हे पाहण्याचे आपल्या ध्यानात येत नाही. आमच्या तरी येत नव्हते.

असो. बस अरादच्या चढाला लागली तेव्हा काकांच्या शेजारची जागा रिकामी झाली आणि आम्ही जाऊन बसलो. चपाती-भाजीचा डबा उघडून अर्धी चपाती त्यांना दिली. क्षमा मागावी असे मनात होते, शब्द जुळेनात. तेवढ्यात काकांनीच विचारले, “पाणी किती होते रे धबधब्याला?” आम्ही जमेल तसे वर्णन केले, कडा किती उंच, डोह केवढा, शेवाळे कसे हिरवेगार, आणि धार साधारण मनगटाएवढी. काका चपाती चावत ऐकत होते. सर्व ऐकून झाल्यावर म्हणाले, “एवढ्याला तिकीट घेतात?”