राखीव गोलरक्षकाचे ध्येय

ध्येयावरून दृष्टी ढळू देऊ नये, असे आपण मुलांना उठता-बसता सांगतो; दाखला मात्र नेहमी विजेत्याचाच देतो. ज्याला मैदानात उतरावयास मिळतच नाही, त्याने दृष्टी कशावर ठेवावी? हा प्रश्न आम्हांस अधिक अवघड वाटतो, आणि आपल्यापैकी बहुतेकांची गत त्याच्यासारखीच असते.

यवतमाळचा आकाश चिकटे हॉकीतील गोलरक्षक. संघात ही जागा एकच, आणि 2016 साली तेथे खुद्द कर्णधार पी. आर. श्रीजेश होता. अशा वेळी कोणाही दुसऱ्या गोलरक्षकाच्या मनात पहिल्याचे वाईट चिंतण्याचा मोह डोकावू शकतो. येथे हा प्रश्न खेळाचा न राहता सदसद्विवेकाचा होतो.

त्या वर्षी मलेशियात क्वांतान येथे आशियाई चॅम्पियन्स चषकाच्या अंतिम सामन्यास श्रीजेश दुखापतीमुळे मुकला. 30 ऑक्टोबर, दिवाळीचा दिवस, समोर पाकिस्तान. गोलात चिकटे उभा राहिला आणि भारत 3-2 असा जिंकला. पुढल्या वर्षी भुवनेश्वरला बेल्जियमविरुद्धची बरोबरी शूटआउटवर गेली. त्यात प्रतिस्पर्धी 23 मीटरच्या रेषेवरून एकटा चेंडू घेऊन येतो आणि गोल करावयास त्याला 8 सेकंद असतात. तेथेही चिकटेनेच गोल राखला.

दहा कुमारिकांच्या दृष्टान्तातील एक गोष्ट आपण पुष्कळदा विसरतो. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणींना झोप लागली होती. शहाण्या पाचजणी आत गेल्या, त्या भांड्यात तेल होते म्हणून. वर केव्हा येईल हे त्यांच्या हाती नव्हते, तेल होते.

चिकटेवर 2018 साली उत्तेजकद्रव्य-चाचणीमुळे 2 वर्षांची बंदी आली, हेही सांगितले पाहिजे. त्याने ते हेतुतः केले असे आम्ही म्हणत नाही. परंतु खेळाडूला औषधाची साधी गोळीही विचारून घ्यावी लागते, इतकी ही राखण कडक असते.

पोलीस भरतीसाठी पहाटे 1600 मीटर धावणारी मुले आपल्या जिल्ह्यात गावोगाव दिसतात. जाहिरात केव्हा निघेल, हे त्यांना ठाऊक नसते. मध्येच कोणी पैसे घेऊन मागचे दार उघडून देण्याची भाषा करतो, आणि शेत विकावे काय, असा विचार बापाच्या मनात घोळू लागतो. त्या घरी मुलाला "अजून किती दिवस?" असे विचारण्याऐवजी "आज किती वेळात धावलास?" असे विचारले जावे, असे आम्हांस वाटते.