बांधावरचं पान

सोयाबीन घरात आलं की दिवाळीच्या आधी एका रविवारी आम्ही वावरात रोडगे करतो. गेल्या सात-आठ वर्षांपासून हे चालू आहे. आमचं गाव रिसोड तालुक्यात, पैनगंगेच्या अंगाला. वाशिमचे दोन मित्र येतात, अकोल्याची बहीण येते, पुण्याहून पोरगा, सून आणि नातू येतात, गल्लीतली घरं येतात. पन्नास-साठ माणूस होतं.

ज्यांना रोडगे माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. गहू जाडसर दळून आणायचा. त्यात मीठ, ओवा आणि तेलाचं मोहन घालून पीठ घट्ट भिजवायचं. मुठीत मावेल एवढे गोळे करायचे. गोवऱ्या पेटवून त्यांचा आर पडू द्यायचा आणि गोळे त्या आरात, राखेत खुपसून द्यायचे. तासाभरानं काढून पोत्यावर घोळले की राख झडते. मग फोडायचे, वरून तूप सोडायचं. संगं तुरीचं वरण, वांग्याची झणझणीत भाजी, वर सांभार. पळसाच्या पत्रावळीवर हे जेवण मांडलं की माणूस घरच्या दुप्पट जेवतो. साठ माणसाला पंधरा किलो गहू आणि बारा किलो वांगे मी धरतो. कधी उरत नाही.

पुण्याहून आलेली मंडळी फोटो काढतात. म्हणतात, "काय एकी आहे हो खेड्यात अजून!" दरवर्षी हे ऐकून मला बरं वाटायचं. २०२४ ला मात्र ते ऐकून मी गप बसलो. का गप बसलो, ते सांगण्यासाठी हा लेख.

माझ्या लहानपणी सोयाबीन नव्हतं. ज्वारी होती, कपाशी होती, मूग-उडीद होते. दिवाळी झाली की ज्वारीचं खळं लागायचं. जमीन शेणानं सारवून घ्यायची, मधात मेढ रोवायची, तिच्याभोवती बैलाची पात फिरायची. वावडीवर उभं राहून माणूस दाणे उपणायचा. रास पडली की माझा बाप नारळ फोडायचा आणि त्या दिवशी खळ्यावर सगळ्यांना जेवण असायचं. सुतार, लोहार, न्हावी, सोंगणीच्या बाया, सालदार. बाप दिलदार होता. वाढताना त्याचा हात कधी आखडला नाही.

पण बसायची जागा ठरलेली होती. आम्ही आणि भाऊबंद खळ्याजवळ, लिंबाच्या सावलीत. आमचा सालदार, त्याची बायको आणि लेकरं बांधावर. बौद्धवाड्यातली माणसं ती. त्यांना वाढणारा माणूस भाकर वरून सोडायचा. पाणीही वरूनच. रास उचलून झाली की खाली मातीत मिसळलेले दाणे राहायचे, त्याला मातेरं म्हणतात. ते सालदाराच्या बायकोला मिळायचं. ती दोन दिवस बसून ते पाखडायची, निवडायची. ह्याला आम्ही 'देणं' म्हणायचो.

मी तेव्हा काही विचारलं नाही. लेकरू जे बघते तेच त्याला जग वाटते.

एक वर्ष मात्र वेगळं गेलं. १९७२ चा दुष्काळ. तेव्हा वाशिम अकोला जिल्ह्यात होतं. मी बारा वर्षांचा होतो. विहिरीनं तळ दाखवला, वावरात कडबासुद्धा झाला नाही. माझा बाप सरकारी कामावर खडी फोडायला गेला. आमचा सालदारही तिथंच होता. दोघांच्या हातात सारखाच हातोडा, दोघांना सारखीच मजुरी. कामावर सुकडी वाटायचे. ती घ्यायला एकच रांग होती. मी बापाला पाणी द्यायला गेलो होतो तेव्हा ते दोघं एका दगडाला टेकून सुकडी खात होते. मधात हातभर अंतर नव्हतं. घरी लाल मिलो ज्वारीची भाकर, तीही सगळ्यांच्या घरी सारखीच.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, खळं लागलं, रास पडली. जेवणाच्या दिवशी सालदार आपल्या पायानं बांधावर जाऊन बसला. त्याला कोणी 'जा' म्हटलं नाही. 'ये' पण म्हटलं नाही.

दुष्काळात जे एका दगडाला टेकून बसले, ते सुगीत वेगळे कसे झाले? हा प्रश्न मला पन्नास वर्षांनी पडला, ह्याची लाज वाटते. लोक म्हणतात, गरिबीनं माणूस माणसाला पारखा होतो. मी उलटं पाहिलं. आमच्याजवळ काही नव्हतं तेव्हा आम्ही एका रांगेत होतो. वाढायला हातात काही आलं, तसा वाढणारा वर आणि घेणारा खाली झाला.

नंतर सोयाबीन आलं आणि खळंच गेलं. आता सोंगणी उक्ती देतो. मेळघाटातले मजूर येतात, चार दिवसांत वावर सोंगून, सुडी लावून पुढच्या गावाला जातात. थ्रेशर येतं, सकाळी लागलं की दुपारपर्यंत पोते भरून मोकळं. कुटार एका बाजूला, दाणे एका बाजूला. मातेरंही उरत नाही. पाडव्याला साल ठरवायची रीत गेली, कारण सालदारच राहिले नाहीत. आणि हे पीक आपण खात नाही, विकतो. २०२४ ला हमीभाव ४८९२ रुपये होता, माझा माल बाजारात चार हजाराच्या आसपास गेला. तेच सोयाबीन तेल होऊन पिशवीतून परत माझ्याच घरी येते, आणि ते मी दुकानातून विकत घेतो. रोडग्याच्या मोहनात तेवढंच काय ते माझ्या पिकाचं नातं.

म्हणून मी हे जेवण चालू केलं होतं. बापाच्या खळ्याची आठवण म्हणून. पण आठवण करताना माणूस बांध विसरतो, लिंबाची सावली तेवढी ध्यानात ठेवतो.

आमचा सालदार वारून पंधरा वर्षं झाली. त्याचा पोरगा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. शिकला, तालुक्याच्या गावी नोकरी केली, दीड एकर जमीन घेतली, गावातच राहतो. आम्ही हॉटेलात संगं चहा पितो, एकमेकांच्या लग्नकार्याला जातो. दरवर्षी मी त्याला रोडग्याचं सांगतो, दरवर्षी तो 'पाहू काका' म्हणतो आणि येत नाही. २०२४ ला मी जरा रागानंच विचारलं, "काऊन येत नाही रे तू?"

तो म्हणाला, "काका, याले काही नाही. पण एक इचारू का?"

"इचार ना."

"माह्या बापानं तुमच्या घरी बावीस सालं काढली. आमी तुमच्या घरचं लय खाल्लं. तुमी आमच्या घरी कधी जेवले?"

मी आठवू लागलो. लग्नाला गेलो होतो, पण मंडपात आचाऱ्याच्या हातचं. त्याचा बाप वारला तेव्हा गेलो होतो, पण त्या दिवशी कोण जेवते? चहा? चहाही हॉटेलातला. चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्या घराच्या चुलीवरचा एक घास माझ्या पोटात गेला नव्हता. मला कोणी अडवलं नव्हतं. मी कोणाला नाही म्हटलं नव्हतं. फक्त ते घडलं नव्हतं.

तो पुढं म्हणाला, "मी दसऱ्याले दरसाल नागपूरले जातो, दीक्षाभूमीवर. आमचे गावचे पोरं वर्गणी करून तिथं वाढतात. मलेबी वाढता येते, काका. तुमच्याकडं आलो का मी नुसता जेवणारा होतो."

रात्री झोप आली नाही. मला वाटलं, हा पोरगा उपकार विसरला. मग वाटलं, उपकार कोणाचे? वावर माझ्या बापाचं होतं, पण ते बावीस वर्षं वाहिलं कोणी? जी भाकर वरून सोडली, ती ज्वारी पेरली कोणी, राखली कोणी? आपल्याच मेहनतीचं अन्न त्याला आमचं देणं म्हणून खावं लागलं. आणि ते खाऊन वर आभारही मानावे लागले.

मला नांदेडची गोष्ट आठवली. वाशिमहून रेल्वेनं नांदेड जवळच. एकदा मित्रासंगं हुजूर साहिबच्या गुरुद्वाऱ्यात गेलो होतो. लंगरमध्ये बसलो. शेजारी कोण बसलं, कोणी विचारलं नाही. पोळी वाढायला आले तेव्हा मी ताट पुढं केलं. वाढणाऱ्यानं खुणेनं सांगितलं, हात पुढं करा. तिथं पोळी दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यायची असते. माझ्या बाजूला सोन्याच्या अंगठ्या घातलेला एक माणूस होता, त्यानंही तशीच ओंजळ केली. तेव्हा मला ते थोडं लागलं होतं. मी शेतकरी माणूस, हात पसरायची सवय नाही. आता कळलं की ते कशासाठी आहे. अन्न देताना माणूस मोठा होतो, हे सगळ्या धर्मांनी सांगितलं. पण ज्याला नुसतं देताच येते आणि घेता येत नाही, त्याच्या देण्यात कुठंतरी मालकी असते. आणि ज्याला आयुष्यभर घेणाराच ठेवलं, त्याची भूक भागते, पण माणूस म्हणून त्याचं काहीतरी उपाशी राहते.

दोन दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. म्हटलं, "आज तुह्या घरी जेवणार हाओ." तो हसला, बायकोला आवाज दिला. ज्वारीची भाकर, झुणका, मिरचीचा ठेचा, कांदा. त्याची म्हातारी आई चुलीपाशी होती, तीच जी मातेरं पाखडायची. तिनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला.

इथं खरं सांगतो, नाहीतर लिहून काय उपयोग? तांब्या उचलताना माझा हात क्षणभर थांबला. मी दहावी शिकलेला, सभेत समतेवर बोलणारा माणूस. हात थांबला. माझ्या डोक्याच्या आधी हातानं बापाचं ऐकलं. कोणाच्या लक्षात आलं का, माहीत नाही. म्हातारीच्या आलं असावं. मी पाणी प्यालो, दोन भाकरी खाल्ल्या, ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं. ठेच्यानंच आलं, असं मी त्यांना सांगितलं.

निघताना तो म्हणाला, "रविवारी वांगे माह्या वावरातले. तुमी इकत घेऊ नका."

त्या रविवारी मग सगळंच बदललं. मी फोन करून सगळ्यांना सांगितलं, हात हलवत येऊ नका. बहिणीनं तूप आणलं. वाशिमच्या मित्रानं तुरीची डाळ आणली. गल्लीतल्या बायांनी पीठ घरूनच दळून आणलं. पुण्याच्या सुनेला काय आणावं कळेना, तिला म्हटलं, गोवऱ्या रचायला ये, तर तिनं हात काळे करून घेतले. वांगे त्यानं आणले, बारा किलोच्या जागी पंधरा, आणि भाजीही त्याच्याच बायकोनं फोडणीला टाकली. मी यजमान राहिलोच नाही. पहिल्यांदा थोडं रिकामं वाटलं. वावर माझं, गर्दी माझ्या वावरात, आणि मला कोणी काही विचारत नाही. मग मी राख झाडायला बसलो.

पत्रावळी मांडल्या. सगळे लिंबाखाली बसले. तो बसला, त्याची बायको बसली, माझा नातू त्याच्या पोरीजवळ बसला. म्हातारी दिसेना. पाहतो तर ती आपलं पान घेऊन बांधावर जाऊन बसलेली.

मी जवळ गेलो. "माय, तिकडं चाल ना. सगळे तिकडंच हायेत."

"बसू दे बापा. सवय हाये. अन् इथं वाराबी लागते."

मला काय करावं समजेना. हाताला धरून उठवावं, तर पुन्हा माझंच सांगणं आणि तिचं ऐकणं. तसंच सोडावं, तर पन्नास वर्षांपूर्वीचं खळं परत तसंच. 'जा' कोणी म्हटलं नव्हतं, हे मला चांगलं आठवत होतं.

मी परत आलो, माझं पान उचललं आणि बांधावर तिच्या बाजूला जाऊन बसलो. तिनं माझ्याकडं पाहिलं. आपल्या पानातला रोडगा फोडला आणि अर्धा माझ्या पुढं केला. मी दोन्ही हात पुढं केले.

खरंच तिथं वारा चांगला लागत होता.