मधुकरी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दर गुरुवारी मी गिरगावातून मेट्रोने दादरला दत्तदर्शनाला जातो. आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद माझ्या गुडघ्यांना झाला. खोटं कशाला बोलू?

पण भाच्याचा एक प्रश्न पाठ सोडत नाही. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री आरेत कारशेडसाठी झाडं तोडायला सुरुवात झाली. सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं गेली. भाचा तिथे गेला होता. सकाळी येऊन म्हणाला, “मामा, तुम्ही औदुंबराला प्रदक्षिणा घालता. मग बाकीची झाडं म्हणजे काय नुसता लाकूडफाटा?”

मी हिशेबी उत्तर दिलं. लोकलच्या दारात लोंबकळून माणसं मरतात, ती वाचतील. गाड्यांचा धूर कमी होईल. झाडं दुसरीकडे लावता येतील. जन्मभर बँकेत खतावण्या केल्या, दुसरं काय सुचणार? उत्तर खोटं नव्हतं, अपुरं होतं. जमा माझ्या खात्यात आणि नावे मात्र आरेच्या पाड्यांवरच्या वारली कुटुंबांच्या खात्यात! बेरीज जुळली म्हणजे न्याय झाला, असं नव्हे.

अवधूतांनी यदुराजाला सांगितलेल्या चोवीस गुरूंत पहिली पृथ्वी. तिच्याकडून सहनशीलता शिकायची ती आपण. तिच्या सहनशीलतेचा अंत पाहायला कोणी सांगितलेलं नाही. त्याच चोवीसांत भुंगा आहे. फुलाफुलातून थोडं थोडं घेतो, फुलाला दुखवत नाही. आपली मधुकरी त्यावरूनच आली. दारात उभं राहून मागायचं, मिळेल तेवढं झोळीत घ्यायचं, नकार आला तर निमूट पुढे जायचं.

शहराला निसर्गाकडून घ्यावंच लागतं, हे मला मान्य. पण मागून घेणं वेगळं आणि रात्रीतून उचलणं वेगळं.

दोष मी दुसऱ्यांवर टाकत नाही. पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने तेव्हा हरकती मागवल्या होत्या. हजारो मुंबईकरांनी पाठवल्या. त्यांत माझी नव्हती. सूचना पेपरात वाचली आणि पान उलटलं.

मेट्रो मी सोडणार नाही. पण पुढची सूचना येईल तेव्हा पान उलटणार नाही, एवढं औदुंबराखाली उभं राहून महाराजांना सांगितलं आहे. भाच्यालाही सांगितलं. तो म्हणाला, “मामा, बघू.”

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥