कशी ठेवता?

अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ नेहमीच्या तपासणीत पालकांना बरंच काही विचारतात. गाडीत मुलाची वेगळी सीट आहे का? घरामागच्या तरणतलावाला कुंपण आहे का? बंदुकीचं विचारायची वेळ आली की मात्र अनेकांची जीभ अडखळते. आणि २०२० साली तिथे १ ते १९ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंत मोटार अपघातांना मागे टाकून बंदूक पहिल्या क्रमांकावर आली.

फ्लोरिडाने २०११ मध्ये कायदा करून डॉक्टरांच्या बंदुकीविषयीच्या प्रश्नालाच आवर घातला. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने ते बंधन रद्द केलं. डॉक्टरांचा संकोच रद्द करणारं न्यायालय मात्र नाही.

‘बंदूक का ठेवता?’ विचारलं की बाप स्वतःच्या बचावाला उभा राहतो. ‘कशी ठेवता?’ विचारलं की तो बोलू लागतो.

‘मुलाला जागा ठाऊक नाही,’ हे पालकांचं ठरलेलं उत्तर. पण घरातली लपवलेली वस्तू मुलांनाच आधी सापडते. लपवणं म्हणजे सुरक्षित ठेवणं नव्हे. बंदूक रिकामी, कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात, किल्ली मोठ्यांकडे. सांगायला मिनिटही लागत नाही.

नुसतं सांगून भागत नाही. डॉक्टरांनी चार शब्दांसोबत केबलचं कुलूप फुकट हातात ठेवलं, तेव्हा जास्त घरांत ते बंदुकीला लागलं. हे अमेरिकेत चाचणी घेऊन पाहिलेलं आहे. म्हणून दवाखान्याच्या खणात कुलपं हवीत, केवळ भिंतीवर पोस्टर नको.

पाच वर्षांच्या मुलाच्या घरी भीती अपघाताची. पंधरा वर्षांच्या मुलाच्या घरी ती निराशेची असते, आणि त्या निराशेविषयी आईबापांशी फारसं कुणी बोलत नाही. मरणाची टोकाची ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते. हाताशी बंदूक असेल तर ओसरायला वेळच मिळत नाही. मूल खचलेलं असेल तर बंदूक काही काळ घराबाहेर ठेवा, असं डॉक्टरांनी स्पष्ट म्हणावं. यात कुणाच्या बंदूक बाळगण्याच्या हक्काचा अपमान नाही.

अमेरिकेतल्या तुमच्या मराठी घरात बंदूक नसेलही. पण मूल मित्राकडे खेळायला जातं. जाण्याआधी तुम्ही बिनदिक्कत कळवता, की हा बीफ खात नाही, याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. त्याच फोनवर विचारा: घरात बंदूक आहे का, आणि ती कुलपात असते का?