मुलांना हे कोणी सांगावे?

पेडणे तालुक्यातील मोपा पठारावर पूर्वी गुरे चरत. आता तेथे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा आहे व ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने ये-जा करीत आहेत. रस्ते रुंद झाले, भाड्याच्या खोल्या वाढल्या, बाहेरगावचे कामगार आले आणि आसपासच्या गावांतील मुलामुलींना रात्रपाळीच्या नोकऱ्या मिळू लागल्या. मोबाईल तर पेडण्यात काय नि डिचोलीत काय, शाळकरी मुलाच्याही हाती आहे. अशा वेळी, "प्रभो, आमच्या तरुणांना मोहापासून राख," अशी प्रार्थना प्रत्येक उपासनेत ऐकू येते. प्रार्थना योग्यच आहे. परंतु ज्यांच्यासाठी ती केली जाते त्यांना स्वतःच्या शरीराविषयी, वयात येताना होणाऱ्या बदलांविषयी, लैंगिक इच्छेविषयी कोणी विश्वासू मनुष्याने दोन शब्द सांगितलेले असतात काय?

लैंगिक शिक्षण हा शब्द उच्चारताच पुष्कळ वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. मूल अजाण राहिले तर निष्पाप राहील असे त्यांना मनापासून वाटते. प्रश्न आहे तो येथेच. अजाणपणा आणि निष्पापपणा या दोन गोष्टी एकच आहेत काय?

पवित्र शास्त्राकडे वळले तर तसे दिसत नाही. नीतिसूत्रांचे पाचवे, सहावे व सातवे अध्याय वाचून पाहावे. तेथे बाप मुलाला परस्त्रीच्या मोहाविषयी सांगतो, आणि तितक्याच मोकळेपणाने आपल्या पत्नीच्या सहवासातील आनंदाविषयीही सांगतो. रविवारच्या शाळेत आपण नीतिसूत्रांतली मुंगी शिकवितो. हे अध्याय मात्र बहुधा ओलांडून जातो. उलट दुसऱ्या शमुवेलाच्या तेराव्या अध्यायात दाविदाचे घर आहे. तामारेवर तिच्याच सावत्र भावाने बलात्कार केला. तिचा सख्खा भाऊ तिला गप्प राहावयास सांगतो. बाप संतापतो, पण करीत काहीच नाही. त्या मौनातून पुढे त्या घरात काय काय घडले हे वाचकांस ठाऊक आहे. या दोन बापांपैकी आपल्या घरांत कोणता अधिक आढळतो?

"सांगितले तर नसत्या इच्छा जाग्या होतील," असे म्हणतात. इच्छा जागी करावयास शिक्षकाची गरज नाही. देवाने घडविलेले शरीर आपल्या वेळी जागे होते. युनेस्कोने २०१८ साली जगभरातील अभ्यास तपासून मार्गदर्शन प्रसिद्ध केले. अशा शिक्षणामुळे मुले लैंगिक संबंधांकडे लवकर वळतात असे आढळत नाही, असे त्यात नमूद आहे. तरीही २००७ साली महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांतील किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम बंद पाडला. भीती जुनीच आहे. रघुनाथ धोंडो कर्वे हे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि या कार्यापायी त्यांना ती नोकरी सोडावी लागली. महाविद्यालय मिशनचे होते, हे आपण विसरू नये. कर्व्यांची धर्माविषयीची मते आम्हांस मान्य नाहीत. पण जुलै १९२७ पासून त्यांनी चालविलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाकडे वाचक आपले अवघड प्रश्न पाठवीत. आई-बाप, गुरुजी किंवा पाळक यांना विचारता आले असते, तर कितीजणांनी ते एका अनोळखी संपादकाला लिहिले असते?

अज्ञान निरुपद्रवी असते असेही नाही. मोप्याहून फार दूर नसलेल्या म्हापशात १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणास, रक्तात एचआयव्हीचे विषाणू सापडले एवढ्यावरून पोलिसांनी नेले व क्षयरोग्यांच्या जुन्या इमारतीत ६४ दिवस एकटे कोंडून ठेवले. तो तर नेहमी रक्तदान करणारा होता! त्या वेळचा गोव्याचा कायदाच तसा होता. त्याच्या आईला न्यायालयात जावे लागले. १९९२ साली तो वारला. हा विषाणू स्पर्शाने किंवा एका घरात राहिल्याने पसरत नाही. पण ज्या विषयाचे नावही घ्यावयाचे नाही त्याविषयी खरे-खोटे तपासणार कोण? कुष्ठरोग्यास हात लावणाऱ्या प्रभूचे नाव सांगणाऱ्यांनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी.

आता काय शिकवावे? अर्धेमुर्धे नको, असे आमचे मत आहे. आपल्या शरीरावर दुसऱ्याचा हक्क नाही, हे लहान मुलास कळावे. मासिक पाळी म्हणजे विटाळ नव्हे, हे मुलींना तसेच मुलग्यांनाही कळावे. समोरच्याने नाही म्हटले तर ते नाहीच, हे विशेषतः मुलग्यांना शिकवावे. विवाहाबाहेर संयम पाळावा ही ख्रिस्ती शिकवण आपण स्पष्ट सांगावी. पण गर्भनिरोधनाची व रोगांपासून रक्षणाची माहिती तेवढ्यासाठी लपवू नये. माहिती देणे म्हणजे परवानगी देणे नव्हे. आणि शिकवण काटेकोर पाळणाऱ्यालाही लग्नानंतर ती लागणारच. लग्नाच्या आदल्या रात्री ती त्यास कोण देणार?

कायदाही सांगावा. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती ही संमती धरली जात नाही. सतरा वर्षांच्या मुलीबरोबर पळून जाणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाला हे बहुधा पोलीस ठाण्यातच कळते. याच कायद्याने, मुलावर अत्याचार झाल्याचे ज्याला कळले त्याने पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. रविवारच्या शाळेचे शिक्षक यास अपवाद नाहीत. "मंडळीची अब्रू जाईल," हे कारण कायद्यापुढे चालत नाही. देवापुढे ते चालेल असेही आम्हांस वाटत नाही.

आई-बापांचे हे काम आहे, मंडळीचे नव्हे, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे, म्हणूनच सुरुवात त्यांच्यापासून व्हावी. मे महिन्यातील सुटीच्या शाळेपूर्वी पालकांची एक सभा घ्यावी व काय शिकविणार ते त्यांच्यापुढे ठेवावे. मंडळीत परिचारिका किंवा डॉक्टर असतील तर त्यांना बोलवावे. काही तास मुलामुलींना वेगळे बसवावे, काही मुद्दाम एकत्र. एक पेटी ठेवावी. नाव न लिहिता प्रश्न टाकू द्यावेत. एखाद्या प्रश्नाचे उत्तर शिक्षिकेला येत नसेल तर तिने तसे सांगावे, विचारून यावे आणि पुढच्या रविवारी तो प्रश्न न टाळता त्याचे उत्तर द्यावे.