आधी आपल्या लोकांना

चहाच्या टपरीवर रोज सकाळी युक्रेनचं युद्ध कसं थांबवायचं ते ठरतं, अमेरिकेला कुणी सरळ करायचं तेही ठरतं. ठरू द्या. तिथल्या मतानं पुतिन यांची झोप उडत नाही. पण कांदा महागला की त्याच टपरीवर जे बोललं जातं, ते दिल्लीत बरोब्बर ऐकू जातं.

‘निर्यात बंद करा. आधी आपल्या लोकांना खाऊ द्या.’ ऐकायला किती रास्त! ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्रानं नेमकं हेच केलं. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लावून झालंच होतं.

डिसेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या लासलगाव, पिंपळगावच्या बाजारात येतो तो लाल कांदा. उन्हाळी कांद्यासारखा तो कांदाचाळीत महिनोन्‌महिने टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. ‘भाव पडलाय तर थोडं थांबा की’ असं शेतकऱ्याला सांगणाऱ्यानं कांदा फक्त चिरलेला असतो. बंदी आली, भाव कोसळले. लिलाव बंद पडले, रस्ते अडले. बंदी उठली ती थेट ४ मे २०२४ ला, आणि तेव्हाही टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क होतंच.

‘आपले लोक’ म्हणताना नाशिकचा शेतकरी आपण धरलाच नव्हता. आणि ‘बाहेरचे’ तरी कोण? आपला बराच कांदा बांगलादेशात जायचा. २०१९ मध्येही अशीच बंदी आली होती. त्यानंतर तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या, तेव्हा स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितलंय, असं हसत म्हणाल्या. निदान आधी कळवत तरी जा, असंही त्यांनी सुचवलं. ढाक्यातला रिक्षावाला काही हसला नसेल.

महागाईची झळ खोटी नाही. हातावर पोट असलेल्याला किलोमागे वीस रुपये जास्त म्हणजे जडच. त्याला रेशनवर स्वस्त कांदा द्यावा, त्याचा भार सरकारी तिजोरीनं म्हणजे आपण सगळ्यांनी उचलावा. पण टपरीवर सगळ्यात मोठ्यानं बोलणारा बहुधा तो नसतो. कांदाभजीची प्लेट केवढ्याला, हे न विचारता मागवणारे आपण असतो, आणि आपल्या सोयीचं बिल नाशिकला पाठवून मोकळे होतो.

पुढच्या खेपेला कांदा कडाडला की सरकारला खुशाल शिव्या द्या. फक्त ‘निर्यात बंद करा’ म्हणण्याआधी त्या आठवड्यात बाजार समितीत कोणता कांदा उतरतोय, उन्हाळी की लाल, एवढं कुणाला तरी विचारा.